एका पाण्याच्या रेणूमागे गेलेली वर्षं

मी मुळात सिंथेसिसवाली. पीएचडीला माझं जग म्हणजे फ्लास्क, रिफ्लक्स, सिलिका कॉलम, टीएलसी प्लेटा आणि दोनदा अंघोळ केली तरी न जाणारा थायॉलचा वास. बॅक्टेरिया, एन्झाइम, पेट्री डिश हे सगळं बायोलॉजीवाल्यांचं खातं, आपण रेणू बनवायचे, बाटलीत भरून त्यांच्याकडे पाठवायचे, पुढे त्याचं काय होतं ते त्यांचं ते बघतील, असं आमच्याकडे न बोलता ठरलेलंच होतं. आज तीस वर्षांनी माझ्या लॅबमध्ये फ्लास्क आहेत अजून, पण फ्रीझर बॅक्टेरियाच्या स्टॉकने भरलाय आणि माझी निम्मी मुलं मायक्रोबायोलॉजीची आहेत. हे कसं झालं ते एकदा लिहून काढायचं मनात होतं.

थिसिसचा विषय होता पेनिसिलीनसारख्या रिंगा बनवणं. पेनिसिलीनचा जीव ज्यात आहे ती बीटा-लॅक्टॅम रिंग म्हणजे चार अणूंचा चौकोन, तीन कार्बन आणि एक नायट्रोजन, आणि त्या चौकोनात एक अमाइड, म्हणजे कार्बन-नायट्रोजनचा एक बंध, कोंबलेला. अमाइड तसा अगदी थंड स्वभावाचा, तोडायचा तर ॲसिडमध्ये तासन्‌तास उकळावं लागतं, पण चौकोनात घातला की त्याचे कोन ९० अंशांच्या आसपास वाकतात आणि तो कायम ताणलेला राहतो, कुणी जरा धक्का दिला की उघडलाच. इतकी ताणलेली रिंग असू शकते यावर सुरुवातीला भल्याभल्यांचा विश्वास नव्हता, रॉबर्ट रॉबिन्सन दुसरंच स्ट्रक्चर धरून बसले होते, शेवटी १९४५ साली डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी तो चौकोन दाखवला तेव्हा वाद मिटला. मला हा किस्सा फार आवडायचा आणि मी तो प्रत्येक सेमिनारमध्ये सांगायचे, ऐकणारे कंटाळले असतील.

तर अशी आठ कंपाऊंड मी बनवली. सगळ्यांचे एनएमआर, म्हणजे रेणू बरोबर बनलाय का ते दाखवणारे आलेख, स्वच्छ. पेपरपुरतं म्हणून शेजारच्या मायक्रोबायोलॉजी लॅबला टेस्टिंगसाठी दिली. साध्या ई. कोलायवर चारेक कंपाऊंड बऱ्यापैकी चालली, औषधाला न जुमानणाऱ्या रेझिस्टंट स्ट्रेनवर मात्र एकही नाही, नळ्या सगळ्या गढूळ, औषध घातलंच नाही अशा थाटात जंतू वाढलेले. मी गेले भांडायला, की तुमचं काहीतरी चुकलंय. तिथल्या पोस्टडॉक बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी फ्रीजमधून एक फिकट पिवळ्या द्रवाची छोटी बाटली काढली, त्या गढूळ नळीतला एक थेंब घेतला आणि वर पिवळ्याचा एक थेंब सोडला. मी ‘मग?’ असं म्हणेपर्यंत तो लाल झाला होता.

ते नायट्रोसेफिन. तेही बीटा-लॅक्टॅमच आहे, फक्त असं बांधलेलं की रिंग तुटली की रंग बदलतो, म्हणजे आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. माझी ती रिंग बांधायची स्टेप १४ तास चालायची, तीही नायट्रोजनखाली, आणि रेझिस्टंट जंतूंचा हा एन्झाइम, बीटा-लॅक्टमेज नावाचा, पेनिसिलीनची तीच रिंग सेकंदाला हजारापेक्षा जास्त वेळा तोडतो, एक रेणू एकटा. खोलीच्या तापमानाला. पाण्यात. त्या दिवशी मला राग आला होता हे खरं, आणि रागाच्या जोडीला दुसरंही काहीतरी होतं, ज्याला मी पुढे बरीच वर्षं संशोधनाची आवड वगैरे म्हणत आले.

मग वाचायला लागले तर कळलं की हे प्रकरण औषधापेक्षा जुनं आहे. १९४० साली एब्रहम आणि चेन यांनी ई. कोलायमध्ये पेनिसिलीन तोडणारा एन्झाइम असल्याचं छापलं, म्हणजे पेनिसिलीन पेशंटपर्यंत नीट पोचलंही नव्हतं तेव्हा! आणि २०११ साली तर ३०,००० वर्षं गोठून राहिलेल्या मातीतल्या डीएनएमध्ये बीटा-लॅक्टमेजचे जीन सापडले. मातीत बुरशी आणि बॅक्टेरिया एकमेकांवर ही रसायनं पूर्वीपासूनच फेकत आलेत आणि ती निकामी करायची हत्यारंही तेव्हापासूनचीच आहेत, आपण या भांडणात फार उशिरा घुसलो.

पोस्टडॉकला मी मुद्दाम एन्झाइमच्या लॅबमध्ये गेले. पहिले सहा महिने नुसती फजिती. सिंथेसिसवाल्याला सवय असते की रिॲक्शन होत नाही? तापव. प्रोटीन तापवलं की संपलं. मी शेकर ३७ वर ठेवला, इंड्यूस केलं, म्हणजे बॅक्टेरियाला प्रोटीन बनवायला लावलं, सकाळी बघते तर सगळं प्रोटीन पेशींच्या आतच गोळा होऊन बसलेलं, कशातच विरघळेना. १८ डिग्रीवर रात्रभर ठेवायचं हे मला तिथल्या एका फर्स्ट इयरच्या मुलाने शिकवलं. मग कोल्ड रूममध्ये जाड स्वेटर घालून कॉलम चालवणं, जेलवर एकच एक जाड बँड दिसला, म्हणजे प्रोटीन शुद्ध झालं, की उगाच हुरळून जाणं, हे सगळं यथावकाश आलं.

आता मूळ मुद्दा, ज्यात माझं आयुष्य गेलं. पेनिसिलीन मारतं कसं? बॅक्टेरियाची सेल वॉल विणणारे एन्झाइम असतात, पेनिसिलीन-बाइंडिंग प्रोटीन म्हणतात त्यांना. वॉलचे धागे जिथे जोडायचे तिथे शेपटाला दोन डी-ॲलानिन असतात, पेनिसिलीन साधारण तसंच दिसतं, एन्झाइम फसतो, त्याचं सिरीन नावाचं अमिनो ॲसिड त्या ताणलेल्या रिंगवर हल्ला करतं, रिंग उघडते आणि औषध सिरीनला कायमचं चिकटून बसतं. कायमचं म्हणजे तासन्‌तास, बॅक्टेरियाच्या हिशोबात आयुष्यभर. वॉल विणणं बंद, पेशी फुटते.

बीटा-लॅक्टमेजही पहिली पायरी हुबेहूब तीच करतो! टेम-१ नावाच्या बीटा-लॅक्टमेजमध्ये साखळीतलं ७० नंबरचं सिरीन रिंग उघडतं, औषध त्याला चिकटतं, इथपर्यंत दोघांचं सारखंच. फरक पुढे. टेमच्या खिशात, म्हणजे औषध जिथे बसतं तिथे, १६६ नंबरचं ग्लुटामेट हे दुसरं अमिनो ॲसिड आहे आणि त्याने पाण्याचा एक रेणू बरोबर जागी धरून ठेवलेला असतो, तो येऊन बंध कापतो, तुटकं औषध बाहेर, एन्झाइम मोकळा, पुढचा रेणू घ्यायला तयार. वॉल विणणाऱ्या त्या बिचाऱ्या एन्झाइमकडे तसं जागेवर धरलेलं पाणी नाही म्हणून तो मरतो. सभोवती पाणीच पाणी आहे हो, पण योग्य जागी एक रेणू नाही. मला हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी बसमध्ये होते आणि माझा स्टॉप चुकला.

ग्लुटामेट काढून तिथे ॲलानिन घातलं की एन्झाइम औषध पकडतो पण सोडू शकत नाही. असा म्यूटंट मी बनवला, नायट्रोसेफिन घातलं, किंचित केशरी झाक आली आणि थांबली. प्रत्येक रेणूने एकेक घास घेतला आणि तो घशात अडकला, असं. हे क्ष-किरणांनी बघायचं तर क्रिस्टल हवेत, आणि त्याचे क्रिस्टल वाढवायला अकरा महिने लागले. २४ खणांच्या प्लेटा, काचेच्या झाकणावर उलटे टांगलेले दोन मायक्रोलिटरचे थेंब, रोज मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि रोज तेच, नुसता चिखल नाहीतर काहीच नाही. एकदा छान सुया दिसल्या, त्या मिठाच्या निघाल्या. शेवटी एका सीनियरने सांगितलं म्हणून जुना चुरा झालेला क्रिस्टल मांजराच्या मिशीने उचलून नव्या थेंबातून एक रेघ ओढली आणि तीन दिवसांनी त्या रेघेवर ओळीने क्रिस्टल उभे. मिशी कुठून आणली विचारू नका, मांजराला काही झालं नाही.

सिंक्रोट्रॉनला, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, बीम टाइम मिळाला तो रात्रीचा. पहाटे कधीतरी अणू कुठे आहेत ते दाखवणारा मॅप स्क्रीनवर आला, ७० नंबरच्या सिरीनला उघडलेलं औषध लटकलेलं, आणि शेजारी ग्लुटामेट असायचं तिथे पोकळी. हे जगात पहिल्यांदा दिसत होतं अशातला भाग नाही, पेनिसिलीन अडकलेल्या टेमचं स्ट्रक्चर १९९२ सालीच छापून आलं होतं, आमचं औषध फक्त वेगळं होतं. पण स्वतःच्या हाताने वाढवलेल्या क्रिस्टलमध्ये बघणं वेगळं.

प्रोफेसरकी सुरू झाल्यावर पहिल्या दोन ग्रँट नामंजूर झाल्या. एका रिव्ह्यूअरने लिहिलं होतं की हा प्रश्न क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडने सुटलेला आहे. माणूस अगदीच चुकीचा नव्हता, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड खरंच सुंदर रेणू आहे, स्वतः औषध म्हणून कुचकामी पण एन्झाइमला जाऊन असा चिकटतो की शेजारचं अमॉक्सिसिलीन वाचतं, १९८१ पासून ही जोडी बाजारात आहे. पण प्रश्न सुटला म्हणणं म्हणजे कहरच. एन्झाइम काही तिथेच बसून राहत नाही.

हे मला शिकवलं माझ्या पहिल्या पीएचडी स्टुडंटने, किंवा खरं तर त्याच्या वाया गेलेल्या नळ्यांनी. टेमने सेफोटॅक्सिमसारखी मोठी औषधं तोडायची तर खिसा मोठा व्हावा लागतो, २३८ नंबरच्या ग्लायसीनचं सिरीन झालं की तो होतो. हा म्यूटंट शुद्ध करायला घेतला तर दर वेळी नासलेल्या दुधासारखे पांढरे कण. बफर बदल, मीठ बदल, ग्लिसरॉल घाल, पुन्हा तेच. तो म्हणाला, “मॅडम, मला वाटतं मला जमत नाहीये, विषय बदलू का?” जमत नव्हतं ते त्याला नाही, प्रोटीनला. खिसा मोठा करायची किंमत म्हणून सगळा सांगाडा खिळखिळा झाला होता. मग पेशंटमधून आलेल्या स्ट्रेनचे सीक्वेन्स बघत बसलो तर बऱ्याच ठिकाणी या बदलाच्या जोडीला १८२ नंबरचा एक बदल, मिथिओनिनचं थ्रिओनिन, खिशापासून पार लांब, आणि एकटा असला तर रेझिस्टन्सला त्याचा काहीच उपयोग नाही. तो आम्ही घातला आणि नळी स्वच्छ झाली. तो बदल सांगाड्याला टेकू देतो.

२००६ साली याच गोष्टीवर एक अप्रतिम पेपर आला. टेममधले पाच बदल एकत्र आले की सेफोटॅक्सिमचा रेझिस्टन्स १ लाख पटीने वाढतो, ते पाच एकामागून एक यायचे १२० क्रम होऊ शकतात, आणि त्यातल्या फक्त १८ वाटांवर प्रत्येक पावलाला बॅक्टेरियाचा फायदा होतो. १०२ वाटा बंद! मी तो पेपर वाचून दोन दिवस काही काम केलं नाही. उत्क्रांती म्हणजे काहीही कसंही होतं असं मी गृहीत धरलं होतं, ती इतकी चिंचोळी असेल असं वाटलं नव्हतं. आणि १८ सुद्धा बॅक्टेरियाला पुरतात, तो भाग वेगळा.

तोपर्यंत झिंकवाले एन्झाइम आले होते. जाता जाता, आमच्या क्षेत्रात एन्झाइमला नाव ठेवणं म्हणजे कुणाला तरी नावं ठेवणंच असतं. टेम हे ज्या पेशंटमध्ये सापडला तिच्या नावावरून, सीटीएक्स-एममधला एम म्युनिकचा, व्हिममध्ये व्हेरोना, आणि २००९ साली वर्णन झालेला एनडीएम, ज्यात न्यू दिल्ली आहे आणि ज्यावरून केवढा गदारोळ झाला. जंतूला पासपोर्ट लागत नाही, नावात शहर घालून काय मिळालं कुणास ठाऊक.

हे झिंकवाले एन्झाइम सिरीन वापरतच नाहीत. दोन झिंक, आणि त्या दोघांच्या मध्ये धरलेलं पाणी, खरं तर हायड्रॉक्साइड, ते थेट रिंगवर धावतं. चिकटणं वगैरे मधली पायरीच नाही, त्यामुळे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसारख्या चिकटून अडवणाऱ्या रेणूंचा इथे उपयोग शून्य. म्हणजे पुन्हा पाणीच, फक्त धरणारा वेगळा. मी ठरवलं, आपण त्या पाण्याची जागा घेणारा रेणू बनवायचा.

पहिले तीन महिने अख्खी लॅब एका बाटलीने बसवली. स्टुडंटचा एन्झाइम जेलवर आरशासारखा स्वच्छ, पण नायट्रोसेफिन पिवळंच्या पिवळं. सीक्वेन्सिंग परत केलं, बरोबर. प्लाझ्मिड बदललं, तरी तेच. ती रडकुंडीला आलेली आणि मी वरून तिलाच पिपेटिंग शिकवत होते, याची मला अजून लाज वाटते. शेवटी एक दिवस पहिल्यापासून प्रत्येक बाटलीचं लेबल वाचत बसलो तर पेशी फोडताना प्रोटीन तुटू नये म्हणून जी रेडिमेड गोळी टाकतात, तिच्यात ईडीटीए. ईडीटीए झिंक काढून घेतो, म्हणजे आम्ही रोज एन्झाइमचं काळीज काढून मग तो चालत का नाही म्हणून विचारत होतो. तिने त्याच मेलेल्या नळीत झिंक सल्फेटचा थेंब टाकला आणि मिनिटाभरात लाल. अशी ओरडली की बाजूच्या लॅबमधले धावत आले.

आणि आता माझी चूक, जी मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. एन्झाइमला अडवणारा रेणू, म्हणजे इनहिबिटर, शोधायच्या स्क्रीनिंगमध्ये आम्हाला एक भारी हिट मिळाला. काही मायक्रोमोलरला, म्हणजे अगदी थोड्या मात्रेतच, एन्झाइम ठार, कर्व्ह छान, थोडा जास्तच खडा उतार होता पण मी म्हटलं असेल. कॉन्फरन्सला मी पोस्टर नाही, चक्क टॉक दिला. प्रश्नोत्तरांत एका तरुण मुलाने विचारलं, “ट्रायटन घालून बघितलंत का?” ट्रायटन म्हणजे साबणासारखं डिटर्जंट. कित्येक रेणू पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यांचे अगदी सूक्ष्म गोळे होतात, ते गोळे एन्झाइमला पृष्ठभागावर ओढून घेतात आणि आपल्याला वाटतं वा, काय इनहिबिटर आहे. २००२ पासून यावर पेपर येत होते, तेही बीटा-लॅक्टमेजवरच केलेले, आणि मी ते वाचले होते, हेच तर वाईट. परत येऊन ०.०१ टक्के ट्रायटन घातलं, एन्झाइम पुन्हा ठणठणीत. दोन वर्षांचं काम साबणाच्या थेंबात गेलं.

त्यानंतर आम्ही एक खरा बनवला, ट्रायटनला पुरून उरला, क्रिस्टलमध्ये दोन झिंकच्या मध्ये पाण्याच्या जागी त्याचं सल्फर स्पष्ट दिसलं. एन्झाइमवर अप्रतिम. जिवंत बॅक्टेरियावर काहीही नाही. ई. कोलायसारख्या बॅक्टेरियाला बाहेर आणखी एक पापुद्रा असतो, त्यातल्या बारीक भोकांतून शिरायचं आणि शिरलं तर आतले पंप बाहेर फेकायला बसलेलेच. पापुद्र्याला भोकं पाडणारं दुसरं रसायन सोबत दिलं की आमचा रेणू काम करायचा, म्हणजे दोष फक्त आत शिरण्याचा होता. फक्त! अडीच वर्षं आम्ही त्याला चार्ज लाव, चार्ज काढ, बारीक कर, असं करत बसलो. आत गेला तर एन्झाइमवर कमजोर, एन्झाइमवर तगडा तर आत जाईना. त्याचं औषध कधीच होणार नाही हे मला त्यावर काम करणाऱ्या दोघा मुलांच्या आधी कळलं होतं, आणि मी त्यांना सांगायला सहा महिने लावले.

याच काळात दुसऱ्यांचा रेणू जिंकला. ॲव्हिबॅक्टम, २०१५ साली अमेरिकेत मंजूर झाला. सिरीनवाल्यांना तो चिकटतो, आणि पाण्याने कापला जाण्याऐवजी सुटताना स्वतःची रिंग पुन्हा मिटून घेतो, जसा आत गेला तसाच अखंड बाहेर येतो आणि पुन्हा चिकटायला तयार! मी जन्मभर ज्या पाण्याच्या मागे होते त्याला या रेणूने जवळजवळ कामच ठेवलं नाही. मत्सर वाटला का? वाटला. पण तो मेकॅनिझमचा पेपर मी वर्गात शिकवताना फळ्यावर तीनदा काढते, इतका देखणा आहे. झिंकवाल्यांवर तो चालत नाही, आणि सिरीनवाल्यांमध्येही मंजुरीनंतर दोनेक वर्षांतच त्याला दाद न देणारे म्यूटंट पेशंटमध्ये दिसले, तेव्हा माझ्या बेरोजगारीची काळजी नसावी.

ग्रँटच्या पहिल्या पॅराग्राफमध्ये आकडे टाकायचे असतात, २०१९ साली जगात १२.७ लाख मृत्यू थेट रेझिस्टंट जंतूंमुळे, वगैरे. मी टाकते, खरे आहेत ते. पण खरं सांगायचं तर रोज सकाळी लॅबमध्ये शिरताना डोक्यात तो आकडा नसतो, डोक्यात असतं काल लावलेला थेंब गढूळ झाला का. कुणाला हे थंडपणाचं वाटेल. नवीन अँटिबायोटिक मंजूर होऊनही वर्षभरात कंपनी दिवाळखोरीत गेलेली आम्ही २०१९ मध्येच पाहिली, कारण असं औषध जपून वापरायचं असतं आणि जपून वापरलं की खप नाही. त्या आकड्याचा विचार करत बसलं तर हात चालत नाहीत.

दीड वर्षात रिटायर होतेय. शेवटची पीएचडी स्टुडंट झिंकवाल्यावरच आहे, वेगळ्या सांगाड्यावर. ईडीटीएच्या बाटल्या आता वेगळ्या कपाटात असतात, त्याची किल्ली तिच्याकडे असते, मलाही मागावी लागते. गेल्या आठवड्यात ती वही घेऊन आली, मेरोपेनेम या अँटिबायोटिकचा एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवायला लागणारी कमीत कमी मात्रा, तिच्या कंपाऊंडसोबत ६४ वरून ८ वर आलाय, आख्ख्या, न फोडलेल्या पेशींवर. मी वही बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, “तीनदा केलंस?”

“चार वेळा.”

“ट्रायटन?”

“मॅडम, ते सगळ्यात आधी.”